मला काही वाटत नाही

दुःख नाकारणारा माणूस इतरांपासून काहीतरी लपवतो आहे, असं आपण सहज धरून चालतो. मला ते अपुरं वाटतं. कधी कधी नकार हीच दुःख जपून ठेवण्याची रीत असते. हे मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ या कार्टून मालिकेतल्या मिस्टर फ्रीझमध्ये.

१९५९ मध्ये कॉमिक्समध्ये आला तेव्हा हा मिस्टर झीरो नावाचा, बर्फाची बंदूक चालवणारा एक किरकोळ चोर होता. १९९२ मध्ये पॉल डिनी यांनी ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग लिहिला, ब्रूस टिम यांनी तो दिग्दर्शित केला आणि या चोराला एक बायको मिळाली, नोरा. तिला असाध्य आजार. व्हिक्टर, म्हणजेच फ्रीझ, हा शास्त्रज्ञ नवरा. इलाज सापडेपर्यंत तो तिला आपण काम करतो त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवतो. कंपनीचा मालक फेरिस बॉइल खर्चाच्या नावाखाली प्रयोग बंद करायला लावतो, गयावया करणाऱ्या व्हिक्टरला लाथ मारून रसायनांवर ढकलतो. तेव्हापासून व्हिक्टरचं शरीर शून्याखालच्या थंडीतच जगू शकतं.

यानंतरचा व्हिक्टर सपाट, यांत्रिक आवाजात बोलतो. मायकेल अन्सारा यांचा तो आवाज ऐकताना खरंच वाटतं, आत कुणी राहत नाही. बॅटमॅन प्रयोगशाळेतल्या त्या घटनेचं चित्रण पाहून हादरतो, तेव्हा फ्रीझ म्हणतो की अश्रू उरले असते तर आपल्यालाही रडू आलं असतं. पण हाच माणूस एक काचेचा गोळा जवळ बाळगतो. आत नाचणारी इवलीशी बाहुली, भोवती भुरभुरणारा बर्फ. त्या बाहुलीशी तो नोराशी बोलावं तसं बोलतो. उन्हाळ्यातला गरम वारा आणि हातात ऊबदार हात, एवढ्यासाठी आपण खूनही करू, असं तो बॅटमॅनला सांगतो. ज्याला काहीच वाटत नाही, त्याला उन्हाळा इतका तपशिलात कशाला आठवेल?

मग तो नाकारतो का? कारण रडणं म्हणजे ती गेली हे कबूल करणं. रडून झालं की माणूस उठतो, तोंड धुतो, दुसरा दिवस सुरू होतो. व्हिक्टरला दुसरा दिवस नको आहे. नोराला त्याने ज्या क्षणी थांबवलं, त्याच क्षणी त्याला स्वतःलाही थांबायचं आहे. सूड त्यासाठी सोयीचा असतो. बंदुकीचे भाग चोरा, बॉइलवर पाळत ठेवा, हाताला काम असलं की शोकाला बसायला वेळ मिळत नाही. म्हणून सूड फसून तो कोठडीत बंद होतो, तेव्हाच आवाज फुटतो. बाहुलीपुढे तो क्षमा मागतो आणि रडतो. आपण तिला वाचवू शकलो नाही, ही अपराधाची बोच बॉइलवरच्या रागाखाली दडलेली होती. मला ही सर्वांत खोल जागा वाटते, कारण बॉइलला शिक्षा होऊनही ती बोच तशीच राहते.

‘कोल्ड कम्फर्ट’ या १९९७ मधल्या भागात तर गेली असं धरलेली नोरा बरी झालेली असते आणि तिने दुसरं लग्नही केलेलं असतं. व्हिक्टरच्या शरीरातलं डोकं तेवढं उरलेलं. आता तो लोकांचं आयुष्यभराचं धन शोधून उद्ध्वस्त करत सुटतो: जीवाश्मांच्या अभ्यासकाचा डायनासोरचा सांगाडा, चित्रकाराचं चित्र. हे पाहताना अंगावर काटा येतो तो हिंसेमुळे नव्हे. कुणाचा जीव नेमका कशात अडकला आहे, हे त्याला प्रत्येक वेळी अचूक कळतं. ते कळायला स्वतःचा जीव कुठेतरी अडकलेला असावा लागतो.