मुचलिंदाचा फणा



आजचं चिंतन उदानातल्या मुचलिंद सुत्तावर. भगवान ध्यानात असताना सात दिवस अवकाळी पाऊस लागला. मुचलिंद नागराजाने त्यांना वेटोळं घालून डोक्यावर फणा धरला.

आपल्या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. पवनीच्या एका कोरीव खांबावर हाच नाग आहे, ब्राह्मीतल्या नावासकट. पण फण्याखालचं आसन रिकामं! त्या काळी बुद्धमूर्ती घडवत नसत.

पवनीला गेलात तर नुसते फोटो काढून परतू नका. टेकडीवर जरा बसा आणि ते आसन आठवा. आज तिथे कोण बसलंय? आजारी आई? नोकरी गेलेला मित्र?

पाऊस थांबताच मुचलिंदाने वेटोळं सोडलं आणि हात जोडले. उपकार बोलून दाखवला नाही. आपल्याला जमेल?

साधू! साधू! साधू!