टिटवीचे छायाचित्र

निसर्गाचे छायाचित्र घेणारा मनुष्य निसर्गास काही उपद्रव देत नाही, अशी एक समजूत सुशिक्षितांत दृढ झालेली आहे. बंदूकवाला जीव घेऊन जातो, कॅमेरावाला नुसता पाहून येतो, असा हिशेब मांडून तो स्वतःस निर्दोष ठरवितो. आम्हीही ठरविले होते.

जालना जिल्ह्यात दाट अरण्य असे फारसे नाहीच. आहे ते बहुतेक माळरान, आणि त्याची संभावना 'पडीक' या एका शब्दात होते. निजामी अमदानीत जालना शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या घाणेवाडी तलावापासून जवळच अशा एका माळावर, चैत्रात, मातीच्याच रंगाची व काळसर ठिपक्यांची चार अंडी आम्हांस उघड्या खड्यांत आढळली. घरटे म्हणावे असे काही नव्हतेच. चित्रात आड येते म्हणून शेजारचे वाळले गवत आम्ही उपटले व पंधरा पावलांवर कॅमेरा रोवून बसलो. टिटवी आक्रोश करीत घिरट्या घालू लागली, पुनःपुन्हा अंगावर झेपावली. त्यातील एक क्षण उत्तम साधला. पुढे ज्याने ते चित्र पाहिले त्याने पक्ष्याच्या त्वेषाची वाहवा केली. टिटवी देखील समुद्र आटविते, ही म्हणही कोणी ऐकविली.

परंतु तो त्वेष नव्हता, भय होते. आणि भयाचे कारण चौकटीच्या बाहेर बसले होते.

हे कळले दुसऱ्या दिवशी. कॅमेरा घरी ठेवून आम्ही दूर एका बाभळीखाली दुर्बीण घेऊन बसलो होतो. भर दुपारी एक पक्षी पाण्याच्या कडेस गेला, पोटाची पिसे भिजवून परतला आणि अंड्यांवर बसला. तोवर तेथे उभा राहून सावली धरणारा जोडीदार उठून गेला. अंड्यांवर बसणे म्हणजे ऊब देणे, एवढेच आम्हांस ठाऊक होते. मराठवाड्याच्या उन्हात तेच काम थंडावा देण्याचे होते! ती सावली आदल्या दिवशी आम्ही तासभर हिरावून घेतली होती.

वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणे हेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. ही व्याख्या आम्ही पूर्वी वाचली नव्हती असे नाही. ती आपणांस उद्देशून आहे असे मात्र वाटले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, चित्रे नसती तर या पडीक माळाकडे कोण वळून पाहता? आक्षेप खरा आहे. पण आमच्या चित्राने पाहणाऱ्यांस शिकविले काय? भयास त्वेष म्हणावयास. ज्या कृत्याने पक्ष्यास पीडा झाली, त्याच कृत्याने चित्रही खोटे झाले. ही दोन पापे निराळी नव्हती.

चार अंड्यांतून पिल्ले किती निघाली, हे पाहण्यास आम्ही पुन्हा गेलो नाही. पुन्हा त्रास नको, असे कारण आम्ही त्या वेळी सांगितले. तो विवेक होता की उत्तराची धास्ती, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.