कोल्हा ओढला त्याची गोष्ट

रात्रपाळी सुटली. सूतगिरणीतून सायकलनं निघालो, तर हायवेवर कोल्हा पडलेला. गाडीनं उडवलेला. जीव गेलेला, अंग अजून गरम. पाय धरून ओढत कडेला नेला.

सोबतचा दोस्त भडकला. "पुन्हा ढोरं ओढाले लागला का बे? आपल्या माणसासाठी कोणाची गाडी थांबते?"

शब्द वर्मी लागला. माझ्या पणज्यानं १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. मग मी हे काय केलं?

दोस्तहो, पणज्याला गावाचा हुकूम होता. मला कोणाचाच नव्हता. मढं रस्त्यात राहिलं की ते खायला दुसरं जनावर येतं, अन् तेही चिरडतं. एवढंच डोक्यात होतं. प्राणिमात्रावर दया ही बावीस प्रतिज्ञांतलीच एक. करुणा माणसासाठी, मैत्री सगळ्या जिवांसाठी, हा फरक बाबासाहेबांनीच समजावलाय.

पण नुसतं हळहळून भागत नाही. १९२७ साली महाडला आपण दया मागितली नाही, पाण्यावरचा हक्क बजावला. कोल्ह्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं कोणीतरी भांडावं लागतं. पेंचच्या जंगलात ४४ नंबर हायवेखालून जनावरांसाठी वाटा झाल्या, त्या कोर्टात भांडूनच. सगळ्यात लांब वाट ७५० मीटर. वाघ तिथून जातात.

दोस्ताचा सवाल खराच आहे. माणसासाठी गाडी का थांबत नाही, हे मीही विचारणार. पण कोल्ह्याला रस्त्यात टाकून नाही.