उतारवयातील शब्दसाधना

साठी उलटल्यावर गीतेतील शब्द शिकू लागलेल्या गृहस्थाची बहुधा एकच तक्रार असते : सकाळी पाठ केलेले सायंकाळी आठवत नाही. वृद्धाची स्मृती म्हणजे माणसांनी भरलेले घर. नव्या पाहुण्याला तेथे कोणाच्या तरी ओळखीनेच जागा मिळते. अमरसिंहाने आपल्या कोशात शब्दांचे अर्थानुसार वर्ग पाडून ते छंदोबद्ध केले, त्यात हीच सोय आहे.

मराठी भाषकास अशी ओळख आयतीच लाभते. मात्र तीच त्याला फसवतेही. ‘राग’ म्हणजे क्रोध असे धरून चालणाऱ्याने दुसऱ्या अध्यायाचा ५६ वा श्लोक पाहावा. तेथे राग, भय आणि क्रोध निरनिराळे सांगितले आहेत. राग म्हणजे आसक्ती. धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे. ‘रंगणे’ हे आपले नित्याचे क्रियापद जवळ ठेवले की हा अर्थ सहसा निसटत नाही. आणि ज्याने जन्मभर क्रोध आवरला, पण घरादारात, नातवंडांत रंगून राहिला, त्याला हा एकच शब्द स्वस्थ बसू देत नाही!

मग विसरल्यास श्रम व्यर्थ गेले काय? स्मृती व ज्ञान यांप्रमाणेच त्यांचा लोपही आपल्यापासूनच होतो, असे भगवंत पंधराव्या अध्यायात सांगतात. तरुणपणीची तल्लख स्मृती तरी कोठे स्वतःची कमाई होती? तेव्हा पोथी मिटून आधी आठवावे, मगच उघडून पाहावे; तोच शब्द दुसऱ्या दिवशी, पुढे चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा घ्यावा. नातू पाठ घेणारा मिळाला, तर फारच उत्तम.