कोप्यांवरचा आगमनकाळ

दिवाळी सरली की आमच्या गावच्या कालव्याकडेला कोप्या उभ्या राहायच्या. आमचा प्रवरेचा पट्टा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि कारखान्यांमागून दरसाल बीडकडची ऊसतोडीची माणसं येऊ लागली. बांबूच्या चटया आणि वर पाचट, एवढंच त्यांचं घर. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. पहाटे तीनला फडात जायचं, गाडी भरली की कारखान्याच्या दारात नंबर लावून बसायचं.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या चर्चमध्ये आगमनकाळ लागायचा. नाताळाआधीचे चार रविवार. फादर जांभळा झगा घालायचे, मिस्सात देवाच्या गौरवाचं मोठं गीत म्हणायचं नाही, वेदीवर फुलं कमी. शेजारच्या हिंदू घरांतून मार्गशीर्षातले गुरुवार चालू असायचे, घट मांडलेले, बायकांचे उपास. आमच्या वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, त्यांचे गुरुवार, आमचे ऐतवार. गावाच्या पूर्वेची आमची वस्ती, म्हणजे पूर्वीचा महारवाडा. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, त्यांच्याबरोबर सारी भावकी झाली.

माझी आजी सुईण होती. सगळा गाव तिला सुईणआजीच म्हणायचा. पाटलाच्या वाड्यापासून कालव्याच्या कोप्यांपर्यंत कुणाचीही कळ उठली की रात्री-बेरात्री बोलावणं यायचं. वाड्यातलं पोर पहिल्यांदा तिच्याच हातात पडायचं. तिला चहा मात्र ओसरीवर, वेगळ्या कपात. ती पीत असे. मला लहानपणी राग यायचा. ती म्हणायची, "आरं, पोराला कुठं ठावं आसतं मी कोन?"

मी अकरा वर्षांचा असताना, १९७८ च्या डिसेंबरात जे घडलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. आगमनकाळावर काहीतरी लिही, असं पूर्वीही मला एकदोघांनी सांगितलं होतं. तेव्हा मी मेणबत्त्या, तारा, करंज्या असलं लिहून दिलं.

त्या वर्षी पहिल्या रविवारी फादरांनी मार्कच्या शुभवर्तमानातला तो दाखला वाचला होता. धनी परगावी जातो, घर चाकरांवर सोपवतो आणि दारावरच्या राखणदाराला जागं राहायला सांगून जातो. कधी परत येईल ते कुणालाच ठाऊक नाही. आम्हां पोरांना तो दाखला एकदम पटला, कारण शेतात ज्वारी निसवायला लागलेली होती. माळ्यावर गोफण घेऊन बसायचं म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक होतं. जरा डोळा लागला की पाखरांचा थवा कणसांवर उतरलाच. फादर म्हणाले, ख्रिस्ती माणसाचं आयुष्य म्हणजे वाट बघणं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्याच आठवड्यात, दत्तजयंती दोनतीन दिवसांवर आली असताना, रात्री कोप्यांवरून माणूस आला. एक पहिलटकरीण अडली होती. आजीनं गाठोडं घेतलं, मी कंदील घेतला. मध्ये ओढा लागतो. कालव्याच्या पाझरानं त्याला डिसेंबरातही घोटाभर पाणी असायचं. थंडीनं पाय बधिर झाले. कोपीत एक पोरगी, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, चटईवर पडलेली. आजीनं पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग बाहेर येऊन मुकादमाला म्हणाली, "पोर पायाळू हाय. दवाखाना लागंल. गाडी जुपा."

मुकादम शेकोटीपाशी उभा होता. म्हणाला, "गाड्या उसानं भरल्यात. नंबर लागायचाय. रिकामी गाडी हाय कुठं? पहाटपस्तोर वाट बघा, मोकळी व्हईल. सुईण हाय की जवळ."

पोरीचा नवरा मुकादमाकडे बघत राहिला. त्याच्यावर उचल होती. तो काही बोलला नाही. आजीही पुन्हा बोलली नाही. मला मात्र तिनं बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "पळ. मास्तरला उठीव. म्हनावं सायकल काढ, मिशनात जा, फादरची जीप घिऊन ये."

मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. चर्चच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मिशन आठ मैलांवर. मी निघालो. अंधाराचंही निमित्त सांगता येत नाही, चांदणं लख्ख होतं. पण ओढ्याच्या काठाला गावची मसणवट. आजीबरोबर येताना ती दिसली नव्हती, एकट्याला दिसली. मी काठावर थांबलो. थोडा वेळ बसलो. मग परत गेलो आणि आजीला म्हणालो, "मास्तर उठंना."

आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

पहाटे एक गाडी मिळाली. कालव्याच्या मोरीपाशी पोर जन्मलं, मेलेलं. पोरगी वाचली. चार दिवसांनी ती पुन्हा फडात होती, पाचटावर बसून मोळ्या बांधताना मी पाहिली.

त्यानंतरचा रविवार आगमनकाळातला तिसरा. ह्या एका रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालायची रीत आहे. वाट संपत आली, आनंद करा, असा त्याचा अर्थ. आजी मिस्साला गेली नाही. दुपारी फादर स्वतः घरी आले. आजी चुलीपाशी बसलेली, मी दाराआड. ती म्हणाली, "फादर, तुमी म्हनता वाट बघावी. पर कुठवर?"

फादर शिकलेले होते. बायबल त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आजी, जीप रात्री कितीही वाजता मिळेल. मी झोपलो असलो तरी उठवायचं. ड्रायव्हरला सांगून ठेवतो." आजीनं मान हलवली. त्या आगमनकाळात फादर वाट बघण्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

मी नाताळाआधी पापं कबूल करायला रांगेत उभा राहिलो. बोरं चोरली, भावाला मारलं, प्रार्थनेत झोपलो, एवढी सांगितली.

मोठेपणी पुण्यात नोकरी करताना मी ह्या काळाविषयी बरंच वाचलं. पूर्वी पश्चिमेकडे हा उपासाचा काळ होता, नोव्हेंबरच्या ११ तारखेला, संत मार्टिनच्या सणापासून तो सुरू होई, असं कळलं. आगमनकाळातलं मेणबत्त्यांचं वर्तुळ जर्मनीतून आलं. हॅम्बुर्गला योहान हिन्रिच विखर्न नावाचे पाळक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एकेक पेटवत गेले. वाचणाऱ्याला ही गोष्ट गोड वाटेल. मी 'गाडीचं चाक' ह्या शब्दापाशी अडकलो. त्या रात्री कोप्यांवर आठ गाड्या होत्या, म्हणजे सोळा चाकं. त्यांतली दोन वेळेवर फिरली नाहीत.

वाट बघणं हा गुण आहे, असं आपण सहज म्हणतो. पण गरिबाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यातच जातं आणि त्याला कुणी गुण म्हणत नाही. तोडीच्या चिठ्ठीची वाट, रेशनची वाट, कचेरीत साहेबाची वाट. माझे वडील तर म्हणायचे, आमच्या लोकांचा आगमनकाळ १९५० पासून चालूच आहे. त्या साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला, अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले अजून बाहेरच. वेगळा कप मात्र धर्म बदलला म्हणून बदलला नव्हता. वडील हे हसत सांगायचे, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याच्या हातात गाडी असते तोच दुसऱ्याला 'वाट बघा' म्हणतो. मुकादम म्हणाला ते शब्द आणि फादर म्हणाले ते शब्द एकच होते. मग फरक कशात? ह्या प्रश्नानं मला बरीच वर्षं छळलं. चर्चला जात होतो, पण ते चार रविवार आले की अंग आखडायचं.

गावात वारकरी पुष्कळ. आमच्या घरामागच्या आळीत एकादशीला भजन असायचं. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दारी आला, तर त्यानं वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला, अजून थांबलेलाच आहे. लहानपणी मला ह्या गोष्टीची गंमत वाटायची. आमच्याकडे आम्ही देवाची वाट बघायचो आणि त्यांच्याकडे देव माणसाची. मास्तरांना हे सांगितलं तर ते रागावले होते. आता वाटतं, त्यांनी रागवायला नको होतं.

१९९३ च्या आगमनकाळात मी बायकोला घेऊन गावी गेलो. नुकतंच लग्न झालं होतं. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिला दिवस-रात्र एवढंच कळायचं. सुईणीचं काम सुटलं होतं. पण वस्तीवरच्या लोकांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी गावात राहत असताना नीट पाहिलीच नव्हती. त्या घटनेनंतर दरसाल, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सा झाली की आजी ओढा ओलांडून कोप्यांवर जायची. कोपीकोपीत वाकून कोण कितव्या महिन्यात आहे ते विचारायची, पोटाला हात लावून बघायची. ही मार्गशीर्षात, ही माघात, असं सगळं तिच्या डोक्यात. ज्या बाईचं अवघड वाटेल तिचं नाव मिशनात आधीच कळवायची. गाठोडं भरलेलंच असायचं: नवं पातं, उकळलेला दोरा, तेल, जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. मुकादम बदलत गेले. तिला कुणी अडवलं नाही. निदान मी तसं ऐकलं नाही.

त्या रात्री जेवणानंतर ती ओट्यावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, "आजी, त्या रात्री मी मास्तरांकडं गेलोच नव्हतो."

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"तुझे पाय कोरडे व्हते, लेकरा."

बराच वेळ दोघंही गप्प. मग मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस? पंधरा वर्षं झाली."

"बोलले आसते तर तू नुसता व्हय म्हनला आसतास. तुला सांगता आलं नसतं." थोडं थांबून म्हणाली, "आन मी तरी तुला पुन्यांदा कुठं धाडला? मुकादमाच्या अंगावर वराडले कुठं? ते माझं हाय. तुझं तू घे, माझं माझ्यापाशी ऱ्हाऊं दे."

जीप आली असती तर पोर वाचलं असतं का? मी हे एका डॉक्टर मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, कदाचित हो, कदाचित नाही. आजीला मी ते विचारलं नाही. पण पंधरा वर्षं ती काय करत होती, ते मला त्या ओट्यावर कळलं. तिनं एकदाही मला आडून टोचलं नाही, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, माझ्यावरची माया कमी केली नाही. ती बसून राहिली नव्हती. कोप्या धुंडाळत होती, नावं कळवत होती. आणि माझ्यापुरती जागा मोकळी ठेवून होती, मी येईन तेव्हा यावं म्हणून. मुकादमानं वाट बघायला सांगितलं तेव्हा दुसऱ्याचा जीव पणाला लावला होता आणि स्वतः शेकत उभा होता. आजीनं वाट बघितली ती सगळी स्वतःच्या जिवावर. सुईण पोटावर हात ठेवून बसते तसं ते होतं. कळ तिला घाईनं आणता येत नाही, पण हात काढून झोपताही येत नाही. आणि पोर पायाळू आहे हे हाताला कळलं, तर थांबायचं नसतं, ओरडायचं असतं. हेही तिलाच जास्त ठाऊक होतं, म्हणून तर फादरांना तिनं 'कुठवर' विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. मिस्सा झाल्यावर आजी मला म्हणाली, "कोप्यांवर जाऊन ये. मला दिसत न्हाई आता."

मी म्हटलं, "मी पुरुष माणूस, बायकांना काय विचारू?"

"बायकू कशाला केली मंग? तिला ने संगं."

आम्ही दोघं गेलो. ओढ्याला पाणी होतं. बायकोनं चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली. पुण्याची मुलगी, तिनं कोप्या कधी पाहिल्या नव्हत्या. पण ती वाकून आत जायची, बाहेर यायची, बोटांवर मोजायची. मी बाहेर पाचटावर उभा. तासाभरानं परतलो. आजी ओट्यावरच होती, पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"किती?"

"तिघी," बायको म्हणाली. "एकीचे दिवस भरत आलेत. पहिलीच वेळ आहे."

"मंग मिशनात आजच सांगून ठिवा," आजी म्हणाली.