आजीला विचारता येईल असं संग्रहालय

पनवेलजवळच्या नेऱ्याहून मुंबईला निघणाऱ्या घरगुती सहलीची वाट गेल्या दोन पिढ्यांत फारशी बदललेली नाही. सकाळी रिक्षाने किंवा बसने पनवेल स्टेशन, तिथून हार्बरची लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून भायखळा. राणीच्या बागेत पूर्वी हत्ती बघायचा, आता पेंग्विन. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, तेही उरकायचं. मग पोरांच्या पायांत जोर असेल तर गेट वे नाहीतर चौपाटी. संग्रहालय या यादीत स्वतःच्या जोरावर आलेलं नसतं. वाटेत आहे म्हणून आलेलं असतं. शाळेच्या सहलीत तर मुलं रांगेने आत जातात आणि रांगेनेच बाहेर येतात. नंतर निबंधात लिहितात, ‘आम्ही म्युझियम पाहिले. खूप मजा आली.’

यावर नाक मुरडणारे पूर्वीपासून आहेत. नागपुरात १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय निघालं आणि लोकांनी त्याला अजब बंगला करून टाकलं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने खुलं झालं. एतद्देशीयांनी इथला कच्चा माल आणि कारागिरी पाहून शहाणं व्हावं, असा साहेबाचा हेतू. लोक आले ते गंमत बघायला. साहेबाची ती तक्रार पुढे आपल्याकडच्या शिकलेल्यांनी जशीच्या तशी उचलली : माणसं पाट्या वाचत नाहीत, काचेला हात लावतात, दालनांतून पळत सुटतात.

पळू देत. सहलीला म्हणून संग्रहालयात जाणं यात मला काही कमीपणा वाटत नाही. सामान्य घराला इतिहासाकडे जायची तीच एक वाट असते. अभ्यास करणाऱ्याला ग्रंथालयं आहेत, दप्तरखाने आहेत. सहलीत आजी, आई आणि नातू एकाच वस्तूसमोर एकाच वेळी उभे असतात, आणि हे वर्गात कधीच घडत नाही. अडचण आहे ती पुढची. आत शिरल्यावर या तिघांपैकी बोलतं कोण आणि गप्प कोण होतं?

फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. जॉर्ज विटेटने आखलेली ही इमारत. कोनशिला १९०५ सालची, पण लोकांसाठी दरवाजे उघडले १९२२ साली, कारण मधल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. आत अकबराचं चिलखत आहे, असिरियन राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, मीरपूरखासच्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. एकाहून एक वस्तू, त्यांच्या मोलाबद्दल वादच नाही. पण घरची मंडळी तिथे देवळातल्यासारखी कुजबुजतात. बाप पाटी वाचतो, पोरगं विचारतं “किती वर्षं जुनं?”, बाप आकडा सांगतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. आजी दाराजवळच्या बाकावर बसलेली असते. तिचे गुडघे दुखतात हे खरं, पण तिला तिथे कोणी काही विचारत नाही, हेही तितकंच खरं.

तीच आजी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बसत नाही. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. देशभर हिंडून, घासाघीस करून, पदरमोड करून त्यांनी वस्तू गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वस्तू कोणत्या, तर अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, करंडे, स्वयंपाकघरातली भांडी, घरांचे कोरीव दरवाजे. इथे काचेसमोर आजी थांबते. “ही वज्री. हिनं पाय घासायचे.” नातू विचारतो, “दगडानं का नाही?” आणि दोघांचं सुरू होतं. आईलाही तोवर माहीत नसलेलं काहीतरी त्यातून बाहेर येतं. पाटी तिथे दुय्यम ठरते. अकबराच्या चिलखताबद्दल आजीपेक्षा पाटीला जास्त कळतं. अडकित्त्याच्या बाबतीत नेमकं उलटं आहे.

भायखळ्याच्या संग्रहालयात मुलांना सगळ्यात आवडतात ती मातीची लहान माणसं : निरनिराळ्या जातीजमाती, त्यांचे पेहराव, पागोटी, धंदे. काम फार बारीक आहे. पण ती बघताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. आपल्यातलाच माणूस तिथे नमुना म्हणून उभा केलेला आहे, राज्यकर्त्याला ओळखता यावा म्हणून. त्याच्या हातातलं अवजार दिसतं, अवजार धरून त्याच्या तळव्याला पडलेले घट्टे दिसत नाहीत.

हे वेगळ्या तऱ्हेनेही करता येतं. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस नावाच्या माणसाने १८७२ साली दालार्ना भागात फिरताना पाहिलं की शेतकऱ्यांचे पोशाख, भांडी, अवजारं झपाट्याने मोडीत चालली आहेत. त्याने ती जमवायला घेतली. १८९१ साली स्टॉकहोममध्ये त्याने स्कानसेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली, प्राणी ठेवले, नाचगाणी ठेवली. लोक दिवसभर सहलीला येऊ लागले आणि आजही येतात. इतिहास आणि सहल यांची तिथे भांडणं लागली नाहीत.

आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर याच्या जवळ जाणारं काही उभं राहिलं आहे. नांगरणी, मळणी, बलुतेदार, आड, चावडी असं सगळं गाव पुतळ्यांतून मांडलं आहे, आणि शाळांच्या गाड्यांची तिथे रीघ असते. मुलांना ते मनापासून आवडतं. माझी तक्रार एकच : ते गाव फार समाधानी आहे. तिथे सावकार कोणाच्या दारात उभा राहून ओरडत नाही, पाणवठ्यावर कोणाला अडवलं जात नाही, पाऊस कधी चुकत नाही. आजीचं गाव असं नव्हतं, आणि हे तिलाच विचारलं तर ती सांगेल.

आता नेऱ्याकडे वळू. गाढी नदीकाठचं गाव, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरचं. वर मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन याच गावात. हा सगळा पट्टा आता विमानतळाभोवतीच्या नियोजित ‘नैना’ क्षेत्राच्या नकाशात आहे. भातखाचरांच्या जागी प्लॉटिंगचे फलक लागलेत. पलीकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावठाणं हलली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. कौलारू घर पाडून तिथे इमारत होते तेव्हा माळ्यावरचं सामान आधी खाली येतं आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं. इरलं, कणगी, जातं, उखळ-मुसळ, पायली-अधोलीची मापं, नांगराचा फाळ. कधीकाळी गाडीच्या चाकांसाठी नावाजलेल्या पनवेलमध्ये आज लाकडी चाक शोधायचं तर एखाद्या ढाब्याच्या दारातच सापडावं. हाझेलियसने जे पाहिलं, ते आपल्या डोळ्यांसमोर चाललं आहे.

अवजारांइतकेच मोलाचे कागदही आहेत. जुना सातबारा, भूसंपादनाची नोटीस, मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाइल. जानेवारी १९८४ मध्ये जासईला आणि नवघरला जमिनीसाठी सिडकोविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यावं, ही मागणी त्यातूनच आली. तेव्हा रस्त्यावर उतरलेली माणसं आज आजोबा झाली आहेत. ती नातवाला घेऊन कुठल्या काचेसमोर उभी राहणार?

दिवसभराची इतिहासाची सहल नेऱ्याच्या माणसाला खरं तर तालुक्याच्या आसपासच करता येते. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मघर आहे. १८४५ साली ते तिथे जन्मले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. पुढे ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर (स्थापना १९६१), तिथे ग्रामोद्योग आहेत. हातांनी काम कसं होतं हे मुलांना दिसतं. उरणकडे वळलं की चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला, आणि हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ, पण धोदाणीच्या वाडीतल्या मुलाला चिरनेरच्या हुतात्मा स्तंभावर त्याचं नाव वाचू द्या. मुंबईतल्या सगळ्या दालनांत मिळूनही त्याच्या समाजाचा माणूस त्याला असा नावानिशी भेटणार नाही.

फक्त शिरढोणला आणि चिरनेरला जाऊन माणूस स्तंभ बघतो, भिंती बघतो, नमस्कार करतो आणि निघतो. हातात घ्यावी अशी वस्तू आणि ती समजावणारं माणूस यांची जोड अजून कोणी घातलेली नाही. त्याला कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. मोठ्या आराखड्यातून बहुधा पुतळा, कारंजं आणि लेझर शोच निघतो. एक कोरडी खोली, चार मांडण्या, बसायला बाकडी, डबा खायला पडवी आणि रविवारी तिथे येऊन बसायला तयार असलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या बाया एवढं पुरे. त्यांना ‘मार्गदर्शक’ म्हणून मानधनही द्यावं, फुकटची सेवा नको.

ग्रामपंचायतींनी, पनवेल परिसरातल्या शाळांनी आणि जमिनीच्या व्यवहारात ज्यांचं भलं झालं अशा घरांनी हे मनावर घ्यावं. तोवर आपल्यापुरतं एक करता येईल. दिवाळीची साफसफाई कराल तेव्हा माळ्यावरून काय खाली येतं ते बघा. भंगारात देण्याआधी वस्तूचं नाव, ती कोणाची आणि तिने काय करत, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा. वस्तू नंतर ठेवायची की द्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.