आतला भाऊ

22 डिसेंबर 2013, रविवार. अकोल्याला ऑफिसातले आम्ही चौघं ‘धूम 3’ पाहायला गेलो. शुक्रवारीच लागला होता. आमिर खान त्यात शिकागोच्या सर्कशीतला जादूगार. इकडे नाहीसा होतो, तिकडे उगवतो. मध्यंतराला गुपित फुटतं: जुळे भाऊ आहेत. साहिर लोकांसमोर, समर लपलेला, टाळ्या मात्र एकाच नावाला. थेटरात शिट्या पडल्या. मीही वाजवली, आणि वाजवता वाजवता थोडा चपापलो.

जऊळक्याला शाळेत असताना स्नेहसंमेलनात मी काडीचा प्रयोग करायचो. रुमालात आगकाडी गुंडाळायची, कुणाला तरी बाहेरून मोडायला लावायची, मग रुमाल झटकला की काडी अख्खी. खरं म्हणजे रुमालाच्या काठाच्या शिवणीत आधीच दुसरी काडी सरकवलेली असते, मोडते ती. मोडायला पुढे येणारा ‘कुणीतरी’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. काड् असा आवाज झाला की तो असं काही तोंड वासायचा की गुरुजीसुद्धा फसायचे. शिवणीची उसवण त्याची, काडी त्याची, तोंड वासणंही त्याचंच. बक्षिसाचा कंपास मला. तेव्हा मी त्याला त्यातली पेन्सिलसुद्धा दिली नाही, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

त्याच आठवड्यात नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी विधेयक विधान परिषदेतही मंजूर झालं होतं. त्यासाठी लढणाऱ्या दाभोलकरांचा पुण्यात खून होऊन चार महिने उलटले होते. मी ऑफिसात तावातावानं बोललो: रंगमंचावरचा जादूगार फसवतो, पण फसवणार हे तिकिटातच कबूल असतं, बुवा कबूल करत नाही, म्हणून तो गुन्हेगार. मुद्दा आजही मला पटतो. फक्त बोलणारा कुठल्या रांगेत बसतो, हे कुणी विचारलं नाही.

कारण दरवर्षी त्याच ऑफिसात टेबलावर मी तुरीच्या डाळीच्या पिशव्या ठेवायचो. “घरची आहे, आमच्या शेतातली.” कुणी म्हणायचं, “साहेब, नोकरी सांभाळून शेती करता, कमाल आहे.” मी म्हणायचो, “करावं लागतं.” करावं लागतं! पेरणीला धुऱ्यावर शेवटचा कधी उभा होतो, हे मला बायकोला विचारावं लागेल. सातबारावर दोघांची नावं आहेत, एवढाच काय तो माझा घाम. सोयाबीनला भाव पडला की “यंदा आम्ही बुडालो” हेही मीच सांगायचो, पहिल्या तारखेच्या पगारासकट. खोटं असं एकही वाक्य बोललो नाही. ‘आम्ही’ या शब्दानंच सगळं काम केलं.

पुढे ‘द प्रेस्टिज’ पाहिला, नोलनचा, 2006 सालचा. तिथेही एका जादूगारामागे दोन भाऊ. पण ते पाळीपाळीनं उजेडात येतात, आणि एकाची दोन बोटं जातात तेव्हा दुसराही आपली छाटून घेतो, सारखं दिसावं म्हणून. ते दृश्य मी पुढे पळवलं. आमच्या घरात पाळी कधी लागलीच नव्हती. बोटांचं तर सोडाच.

‘धूम’ पाहिल्यानंतरच्या शनिवारी गावी गेलो. पंपाला रात्रीची लाइन होती. धाकटा हरभऱ्यात तुषारचे पाइप बदलायला निघाला होता, मीही मागे धुऱ्यापर्यंत गेलो, पायात बूट, हात खिशात.

“तुनं पिक्चर पाह्यला म्हंतेत, दादा. सांगू नको मले काय होते ते. मी पाहीन कवातरी.”

तो पाहणार नाही, हे मला माहीत होतं. अकोल्याचं जाणं-येणं, तिकीट, आणि पुन्हा रात्रीचं पाणी. म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला बरेच दिवस पटवलं. खरं तर मला सांगायचंच होतं. गुपित आपल्याला ठाऊक आहे, याची चव मला लहानपणापासून लागलेली. जुळे असतात, एक आत राहतो, एक बाहेर, मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं पाइपाची क्लिप बसवण्यासाठी बॅटरी दातात धरली होती. ती काढली.

“मंग त्या आतल्याले कधीच बाहीर येऊ देत नाही?”

“रविवारी देतात,” मी म्हणालो.

“बरं हाय,” म्हणाला, आणि बॅटरी पुन्हा दातात धरून पुढचा पाइप उचलायला वाकला.